खंडेनवमीचं पिवळं पाणी

हा अंक चाळताना एखाद्या पानावर स्कूटरची जाहिरात लागेलच. नवं जोडपं, मागे बसलेल्या बाईचा पदर वाऱ्यावर, आणि पुढे चकाकणारं हँडल. ते हँडल जरा नीट बघा. तसली हँडलं मी चकाकवते. मी म्हणजे भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमधली केमिस्ट. संपादकांनी व्यवसायातले रंजक अनुभव मागवले आहेत. रंजक आहेत थोडे, ते आधी उरकते. बाकीचे लाज वाटण्यासारखे आहेत. सणाच्या अंकात लाजेचं काय काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल पान उलटावं.

आमचा धंदा प्लेटिंगचा. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना तुम्ही पाहिलं असेल. ती आमच्या धंद्याची आजी समजा. ती निखाऱ्यावर होते, आमचं काम विजेवर चालतं. लोखंडी नग तारेला टांगायचा आणि रांगेतल्या टाक्यांमधून बुडवत न्यायचा. पहिली गरम सोड्याची टाकी, तेल काढायला. दुसरी आम्लाची, गंज काढायला. मग निकेलची, हिरवीगार. शेवटी क्रोमची, काळपट तांबडी. आणि प्रत्येक टाकीनंतर साध्या पाण्याची एक टाकी, नग विसळायला. हिरव्या आणि तांबड्या टाकीतला माल महाग, तो मालक जिवापाड जपतो. फेकतात ते विसळण. क्रोमनंतरचं विसळण हळदीच्या पाण्यासारखं पिवळं असतं, दिसायला अगदी शुभ. त्याच क्रोमच्या वाफेनं प्लेटिंगवाल्याच्या नाकाच्या पडद्याला भोक पडतं. आमच्या दगडू मिस्त्रींना आहे. नवा माणूस कामावर आला की ते नाकातून शीळ घालून दाखवतात आणि म्हणतात, "हे आमचं सर्टिफिकेट."

गिऱ्हाइकंही एकेक नमुने येतात. एका पैलवानानं बक्षिसाची गदा आणली होती. वरची चांदी उडालेली, आतून पितळ डोकावत होतं. "मॅडम, अशी चमक मारा की बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत." मारली. आठवड्याभरात परत आला. "लई गुळगुळीत झाली हो, मिरवणुकीत खांद्यावरनं घसरली आन् सरपंचाच्या पायावर पडली." मिस्त्रींनी मुठीला सुतळी गुंडाळून दिली. ती गदा अजून आखाड्यात चमकते, सुतळीसकट.

झालं रंजक.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी बी. एस्सी. होऊन या शेडमध्ये लागले. मालक तात्या भोसरीचेच, जुन्या शेतकरी घरातले. वसाहतीसाठी जमीन गेली, तिच्याच एका कोपऱ्यात त्यांनी शेड घेतली. "हितं आमची बाजरी व्हायची," क्रोमच्या टाकीवर हात ठेवून ते सांगत. "आता हे पीक. पाणी तेवढंच पितंय." दिवसा मी तात्यांच्या टाक्या सांभाळायची आणि संध्याकाळी चार मित्रमैत्रिणींबरोबर पत्रकं वाटायची. 'नदी कुणाच्या बापाची?' हे आमच्या पहिल्या पत्रकाचं नाव. मोठमोठ्या कारखान्यांच्या फाटकाबाहेर उभं राहून आम्ही ते वाटलं. भाषा जळजळीत होती आणि एक अक्षरही खोटं नव्हतं. फक्त त्यात छोट्या शेडचा उल्लेख कुठेही नव्हता. छोटा धंदेवाला बिचारा, तो किती घाण करणार, असा आमचा सगळ्यांचा समज होता. माझाही, आणि मी तर रोज तिथेच उभी असायची.

किती घाण करतो ते खंडेनवमीला कळतं. आमच्या वसाहतीत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. आदल्या दिवशी, अष्टमीला, दुपारनंतर काम बंद. वर्षातून एकदा शेड धुऊन काढायची. निकेल आणि क्रोम पिंपांत भरून ठेवायचं, तळाचा गाळ खरवडायचा, विसळणाच्या, सोड्याच्या, आम्लाच्या टाक्या उपड्या करायच्या, पाइपनं सगळं गटारात. वर्षभराचं पाणी एका दुपारी. आणि एकट्या आमच्या शेडचं नव्हे, गल्लीतल्या प्रत्येक शेडचं, त्याच दुपारी. मिस्त्री त्या दिवशी डोक्याला फडकं बांधून, अनवाणी, एखाद्या पुजाऱ्यासारखे राबायचे. रिकामी टाकी आतून पुसून त्यात कुंकवाचं स्वस्तिक काढायचे. खरं सांगते, बघताना मलाही बरं वाटायचं. स्वच्छता म्हटलं की आपल्याला बरंच वाटतं. ती घाण गेली कुठे हे विचारायचं नसतं.

फुलं आणायची ठकूबाई. मोशीच्या बाजूला ओढ्याकाठी तिचं वावर, दसऱ्यासाठी झेंडू करायची. तात्यांच्या आईच्या माहेरची, म्हणून तात्या तिला मावशी म्हणत. अष्टमीला संध्याकाळी पाटी डोक्यावर घेऊन ती गल्लीत यायची आणि शेडशेडला माळा द्यायची. आमच्या दारात पिवळं पाणी वाहत असायचं. लुगडं घोट्यावर उचलून ते ओलांडताना एकदा मला म्हणाली, "काय गं पोरी, हळदीचं पोतं फुटलं का काय?"

सगळे हसलो. मीही.

तात्या दर वर्षी सांगायचे, "मावशी, दिवाळीलाबी आणा फुलं. लक्ष्मीपूजनाला लागत्यात."

"दिवाळीला न्हाई बाबा. दसऱ्याला भरून येतंय, आन् दिवाळीला बघावं तर करपल्यालं. माझ्या वावराला दिवाळी लाभत न्हाई."

हे मी तीन वर्षं ऐकलं. केमिस्टनं.

चौथ्या वर्षी दसऱ्यानंतर आम्ही पत्रकं घेऊन मोशीला गेलो होतो. नदीकाठच्या गावांना जागं करायला! गठ्ठा काखोटीला मारून मी ओढ्यानं चालले होते, ठकूबाईनं हाक मारली म्हणून बांधावर चढले. तिचं इंजिन ओढ्यातून पाणी ओढत होतं. पाटाच्या दोन्ही कडांना पिवळी रेघ धरली होती. पाटाच्या जवळची झाडं मुळापासून काळी, मधली पिवळी, लांबची तेवढी हिरवी. तपासायला नमुना न्यायची गरज नव्हती. तो रंग मी रोज बघते.

वावराच्या मधोमध एक काठी रोवलेली. तिला काळी बाहुली, फाटकी चप्पल, लिंबू-मिरच्या.

"नजर हाय," ठकूबाई म्हणाली. "करणीच म्हण की. ते बघ." शेजारच्या वावरात झेंडू नुसता उसळला होता. "माझ्या जावंचं. सुंदराचं. एकाच घरातल्या आमी, वाटण्या झाल्या तवापासनं तिच्या डोळ्यात सलतंय. नवमीला बांधावर येऊन हुबी ऱ्हाती आन् चार दिसांत माझं जळतं. दर साली."

"त्यांच्या वावराला पाणी कुठलं?"

"तिला हीर हाय. वाटणीत हीर तिला गेली, वढा मला."

"बोलता का एकमेकींशी?"

"थू! तिच्या दारचं पाणी पीत न्हाई मी. तिच्या लेकीच्या लग्नाला गेले न्हाई. हळदीला बोलवाय आली, तर तोंडावर दार लावलं."

मी पत्रकांचा गठ्ठा पाठीमागे धरला. ठकूबाईनं चहा टाकते म्हटलं, बस चुकेल म्हणून निघाले. बस चुकणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी तात्यांना सांगितलं. आधी ते चिडले. "आमच्या एकट्याचं पाणी जातंय का वढ्यात? गल्लीतल्या समद्या शेडींचं जातंय. मलाच का धरता? तुमी पगार माझा घेता ना?"

"घेते. म्हणूनच तुम्हाला धरते."

"तुमच्या पत्रकात लिवा मग. मोठ्या कंपन्यांची जिरवा जावा."

"कंपन्यांची हँडलं आपल्याकडेच येतात, तात्या. त्यांच्या फाटकात चकाकी जाते, ओढ्यात आपण जातो."

ते टाक्यांकडे निघून गेले. संध्याकाळी लुना काढली आणि म्हणाले, "बसा मागं. मावशीला मी सांगतो. तुमच्या तोंडून नको."

पण वावरात पोचल्यावर त्यांनाही जमेना. इंजिनाची चौकशी, म्हशीची चौकशी. शेवटी मान खाली घालून म्हणाले, "मावशी, तुमच्या पिकाला कुणाची नजर न्हाई लागली. खंडेनवमीला आमी टाक्या रिकाम्या करतो, ते पाणी वढ्यात येतं. त्यानं जळतंय."

ठकूबाईला पटेना. "तुमच्या शेडीचं पाणी? हितवर?"

"व्हय."

"ते पिवळं? म्या वलांडून येती ते?"

"तेच."

ती शिव्या देईल असं वाटलं. त्यासाठी मनाची तयारी करूनच आलो होतो. पण तिनं आमच्याकडे बघितलंच नाही. बांधापलीकडे बघत म्हणाली, "म्हंजी सुंदरानं काय न्हाई केलं?"

तात्यांनी मान हलवली.

"मंग नवमीला हुबी का ऱ्हायची ती?"

तात्या म्हणाले, "मावशी, नवमीला तिबी फुलंच तोडत असंल."

ठकूबाई काठीपाशी गेली. बाहुली सोडवायला लागली. गाठ पावसानं घट्ट झालेली, निघेना. दातानं तोडली. मग बाहुली तशीच मुठीत धरून खाली बसली. थोड्या वेळानं, आम्ही पाहुणे आहोत हे आठवलं असावं, म्हणाली, "चा घेता का?"

परत येताना तात्यांनी रस्त्यात लुना थांबवली. "चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो," एवढंच म्हणाले.

त्यानंतर शेडमध्ये आम्ही जे केलं त्यात विद्वत्ता काही नाही. छोट्या धंद्याला हे परवडत नाही असं जे सांगतात त्यांच्यासाठी लिहिते. पहिलं, क्रोममधून नग वर काढला की टाकीवरच धरायचा, थेंब थांबेपर्यंत. निम्मी घाण तिथेच अडते. आमच्याकडे मजुरी नगावर, त्यामुळे सगळे घाईत. दगडू मिस्त्री भडकले. "नग काय बाळ हाय का, न्हाऊ घालून मांडीवर धरायला?" शेवटी तात्यांना मजुरी रोजावर आणावी लागली, आणि त्यावरून महिनाभर शेडमध्ये तोंडं वाकडी होती. दुसरं, क्रोमनंतरचं विसळण फेकणं बंद. एक साठलेली टाकी ठेवली. क्रोमची टाकी गरम असते, तिच्यातलं पाणी वाफेनं रोज कमी होतं. ती भर आता या पिवळ्या पाण्याची. ज्याला हळद समजून हसलो तो महाग माल होता, इतकी वर्षं आम्ही तो ओढ्यात सोडत होतो. तिसरं, जुनं आम्ल आणि उरलेलं पिवळं पाणी, दोन्ही भरपूर पातळ करून एका हौदात एकत्र. पिवळं जातं, हिरवट होतं. दोन घाणी एकमेकींचं विष मारतात. मग चुना. गाळ खाली बसतो, वरचं पाणी निवळतं. गाळ पिंपांत. ती पिंपं शेडच्या मागे उभी आहेत. ती कुठे न्यायची, याचं उत्तर आजवर मला कुणीही दिलेलं नाही, आणि माझ्याकडेही नाही.

पुढची खंडेनवमी आली आणि खरं भांडण लागलं. टाक्या रिकाम्या करायच्या नाहीत म्हटल्यावर मिस्त्रींनी हातातलं फडकं फेकलं.

"वर्सभराच्या उष्ट्या पाण्यावर पूजा? आमी न्हाई हात लावणार. यंत्र देव हाय, मॅडम. तुमच्या पत्रकात देव नसंल, आमच्या शेडीत हाय."

मी त्यांना पाण्याचा कायदा सांगितला. नाकाच्या भोकाचा विषय काढला. ठकूबाईच्या वावराचा काढला. ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी जितकं खरं बोलत होते तितके ते लांब जात होते. माझ्या बोलण्याची ही खोड मला माहीत आहे.

तात्या नारळ घेऊन आत आले. म्हणाले, "दगडूभाऊ, तुमच्या घरी हिरीची पूजा व्हती का न्हाई?"

"व्हती की."

"तवा हीर उपसून रिकामी करता?"

मिस्त्री भिंतीकडून वळले. मग म्हणाले, "रिकामी न्हाई करत. पर वरचं शेवाळ काढतो."

"काढा मग शेवाळ."

मिस्त्री उठले. टाक्या भरलेल्याच ठेवून त्यांनी बाहेरून चिंचेनं घासल्या, काठावरचे थर खरवडून पिंपात टाकले, एकही थेंब दाराबाहेर गेला नाही. स्वस्तिक आत काढायचे ते बाहेर काढलं. माळ घालताना मात्र मला ऐकू जाईल असं पुटपुटले, "बाई शिकल्याली असली म्हंजी देवालाबी नियम लागत्यात."

मी खुशीत होते. लाजेचं ओझं उतरलं असं वाटलं. त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी मुद्दाम मोशीला गेले, लक्ष्मीपूजनाची फुलं आणायला. माझ्या हातानं वाचवलेली फुलं!

वावर जळलं होतं. गेल्या वर्षीपेक्षा थोडं कमी, पण जळलं होतं. आमची शेड थांबली, गल्ली थांबली नव्हती. बाकीच्या शेडवाल्यांना मी या पाण्यावरचं नवं पत्रक आधीच नेऊन दिलं होतं. कागद बरा होता, ग्रीसचे हात पुसायला कामी आला.

ठकूबाईनं वाचलेली फुलं निवडून ठेवली होती. टोपलीत घातली आणि म्हणाली, "तुमचं न्हाई हे. मला ठाव हाय. तुमी बंद केलं. तात्या सांगत व्हता."

तिनं आम्हाला मोकळं केलं आणि मला तिथे उभं राहवेना. मोकळं व्हायचा आम्हाला काय अधिकार होता? तिच्या इतक्या दिवाळ्या गेल्या. आणि बांधापलीकडे सुंदराबाई पाठमोरी फुलं तोडत होती. मी विचारलं, "गेला होता का त्यांच्याकडे?"

"गेल्ते. म्हनलं, सुंदरे, माजं चुकलं. करणी नव्हती, कंपनीचं पाणी व्हतं."

"मग?"

"ती म्हनली, लेकीच्या हळदीला कंपनीनं दार लावलं व्हतं का?"

हे वाक्य मी घरी आले तेव्हा माझ्याबरोबर आलं. अजून आहे. चुन्यानं ते खाली बसत नाही.

गेल्या दसऱ्याचं सांगते आणि थांबते. अष्टमीला दुपारी गल्लीत नेहमीसारखा पाइपचा आवाज सुरू झाला होता. ठकूबाई त्या वर्षी संध्याकाळी न येता दुपारीच आली, पाटी डोक्यावर. पहिल्या शेडच्या दारात उभी राहिली. मालक म्हणाला, "ठेवा मावशी माळा." ती म्हणाली, "आधी टाकी दाव. भरल्याली आसंल तर फुलं, रिकामी केली आसंल तर न्हाई." तो हसला, बाजारातून आणीन म्हणाला. पुढच्या शेडमध्येही तेच. तिसऱ्या शेडचा मालक वयस्कर होता. त्यानं पाइप बंद करायला सांगितला. सणाच्या दिवशी म्हातारी दारातून परत गेलेली त्याला चालेना. संध्याकाळपर्यंत आणखी काही जणांनी टाक्या तशाच ठेवल्या. सगळ्यांनी नाही. निम्म्यांनीही नाही.

मी दारात उभी राहून तिला गल्लीत फिरताना बघत होते. हे काम आमचं होतं. पत्रकाचं, कायद्याचं, बी. एस्सी.वाल्यांचं. ते एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन करत होती, आणि दर वर्षी पीक जळत होतं तेही तिचंच.

आमच्या दारात आली. मी पाटी उतरवायला हात पुढे केला.

"थांब," ती म्हणाली. "झाकण काढ."

"मावशी, आमचं तर तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय. झाकण काढ."

मिस्त्रींनी झाकण काढलं. ती काठावर वाकली. पिवळं पाणी काठोकाठ होतं. तिनं हौद पाहिला, दाराबाहेरचं गटार पाहिलं, कोरडं होतं. मग पाटी उतरवली. माळा मोजून दिल्या, भाव गल्लीला सांगितला तोच. आम्हाला कसलीही सवलत नाही. वावरातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा मला तिच्यासमोर सरळ उभं राहता आलं.

जाताना विचारलं, "यंदा दिवाळीला फुलं?"

"येतील. नवमीपास्नं वढ्याचं इंजिन बंद ठेवणार. सुंदरा हिरीचं पाणी सोडती माझ्या पाटाला."

मला इतका आनंद झाला की मी तिचा हातच धरला. "म्हणजे बोलायला लागल्या त्या?"

ठकूबाईनं हात सोडवून चुंबळ डोक्यावर ठेवली, वर रिकामी पाटी घेतली.

"पाणी सोडती," ती म्हणाली. "बोलत न्हाई."